कण्मायच्या काठावरचे गाव : दक्षिण तमिळनाडूतील पाण्याची रीत आणि तिचा राखणदार

तमिळनाडू म्हटले की कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील हिरवीगार भातखाचरे डोळ्यांसमोर येतात. शिवगंगा, रामनाथपुरम, विरुदुनगर आणि पुदुकोट्टई या दक्षिणेकडील जिल्ह्यांचे चित्र मात्र निराळे आहे. येथे कावेरीसारखा हमखास पाण्याचा आधार नाही. वैगई ही या भागातील प्रमुख नदी. परंतु तिचे पाणी वाटेतील तलावांत वळत वळत अखेर रामनाथपुरमच्या मोठ्या तलावात विसावते आणि समुद्रापर्यंत क्वचितच पोहोचते. रामनाथपुरम जिल्ह्यात वर्षाला सरासरी आठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो व त्यातील निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. वर्षाच्या उरलेल्या नऊ महिन्यांत आकाशाकडे पाहण्यात फारसा अर्थ नसतो. अशा प्रदेशात शेकडो वर्षे भात पिकत आला, याचे कारण गावोगावचे तलाव होत.

उत्तर तमिळनाडूत या तलावाला ‘एरी’ म्हणतात, दक्षिणेत ‘कण्माय’. संपूर्ण राज्यात असे सुमारे ३९ हजार तलाव आहेत. गावाचे सण, देवस्थाने, मानपान, जातीजातींमधील व्यवहार आणि शेतीचे वेळापत्रक या सर्वांचा धागा कुठे ना कुठे कण्मायच्या बांधापाशी येऊन मिळतो. या चालीरीतींकडे केवळ लोकसंस्कृती म्हणून पाहिले, तर त्यातील शेतीचा भाग नजरेआड होतो. त्या चालीरीती बऱ्याच अंशी पाणी साठवण्याच्या, वाटण्याच्या आणि तलाव राखण्याच्या कामाची नियमावलीच होत्या. त्यातील कोणता भाग टिकला आणि कोणता गळून पडला, हे पाहिले म्हणजे आजचे अनेक तलाव कोरडे किंवा निकामी का झाले, याचा उलगडा होऊ लागतो.

तलावाची रचना

कण्मायची रचना साधी असते. जमिनीचा उतार आग्नेयेकडे, समुद्राच्या दिशेने, अतिशय मंद असल्याने येथे दरी अडवून खोल जलाशय करता येत नाही. त्यामुळे चंद्रकोरीच्या आकाराचा लांबलचक मातीचा बांध घालून पसरट, उथळ तलाव केला जातो. पाणलोटातील पाणी ‘वरत्तु काल’ म्हणजे भरणी-चराने तलावात येते. बांधाच्या पोटात ‘मडै’ म्हणजे मोरी असते. तिच्यातून पाणी खालच्या ‘आयक्कट्टु’त, म्हणजे लाभक्षेत्रात जाते. तलाव भरला की जादा पाणी ‘कलिंगु’ या दगडी सांडव्यावरून बाहेर पडते.

हे बाहेर पडलेले पाणी वाया जात नाही. एका गावाच्या सांडव्याचे पाणी ही खालच्या गावाची भरणी असते. अशा रीतीने तलावांच्या साखळ्या तयार झालेल्या आहेत. वरच्या गावाने सांडव्यावर दगडांचा एक थर वाढवला, तर त्याला थोडे अधिक पाणी मिळते, पण खालच्या गावाच्या आयक्कट्टूत भात वाळतो. म्हणूनच सांडव्याची उंची ही येथे स्थापत्यशास्त्रापेक्षा शेजारधर्माची बाब राहिली आहे, आणि दोन गावांमधील जुन्या भांडणांचे मूळ शोधू गेल्यास ते पुष्कळदा कलिंगुवरच सापडते.

शेतीच्या पाण्याखेरीज पिण्याच्या पाण्याचे तळे वेगळे असते. त्याला ‘ऊरणी’ म्हणतात. ऊरणीत जनावरे सोडायची नाहीत, कपडे धुवायचे नाहीत, हा नियम लहान मुलालाही ठाऊक असतो. ज्या पट्ट्यात भूजल अनेक ठिकाणी खारट आहे, तेथे हा नियम जगण्याचाच प्रश्न होता.

धूळपेरणीपासून पोंगलपर्यंत

तमिळ वर्ष सौरमानाचे असून ते एप्रिलच्या मध्यास, चित्तिरै महिन्यात सुरू होते. या सुमारास अनेक गावांत ‘नल्लेर’ म्हणजे शुभ नांगर धरण्याचा विधी होतो. जमीन कोरडी असते, पेरणीला अजून अवकाश असतो. तरी बैल सजवून, नांगरांची पूजा करून गावकरी एकत्र पहिले तास काढतात. कोणाची अवजारे तयार आहेत, कोणाची बैलजोडी थकली आहे, हे या दिवशी सर्वांना दिसते. आता अनेक ठिकाणी या विधीला ट्रॅक्टरही सजवून आणले जातात.

उन्हाळा हा जमिनीची ताकद भरून काढण्याचा काळ. पाणी आटलेल्या कण्मायच्या तळाचा गाळ, ‘वंडल मण’, गाड्या भरून शेतात नेला जाई. हलक्या, वाळूमिश्रित लाल जमिनीत हा गाळ पडला की ओल धरून ठेवण्याची तिची क्षमता सुधारते आणि तलावाची साठवण आपोआप वाढते. एकाच कामाचे असे दोन लाभ असल्याने त्यासाठी वेगळा निधी लागत नसे. त्याच काळात भात कापलेल्या शेतांत जनावरे बसवली जातात. शिवगंगा-मदुराई भागातील पुलिकुळम ही देशी गोवंशाची जात मुख्यतः अशा फिरत्या कळपांतून टिकली आहे. पशुपालक कळप घेऊन गावोगाव फिरतात, रात्री ठरलेल्या शेतात तो कोंडतात आणि शेतकरी त्याचा मोबदला धान्यात किंवा रोख देतो. या पद्धतीला ‘किडै’ म्हणतात. मेंढ्यांचे कळपही असेच बसवले जातात. धनगरांच्या मेंढ्या शेतात बसवण्याची रीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यात अनोळखी असे काही वाटणार नाही.

जुलैच्या मध्यापासून आडी महिना लागतो. आडीचा हंगाम गाठून पेरावे, अशी तमिळ म्हण आहे. पावसाळ्यापूर्वी आणि देवीच्या उत्सवांच्या वेळी गावातील स्त्रिया ‘मुळैप्पारी’ घालतात. मातीच्या भांड्यांत माती व शेणखत भरून त्यात कडधान्ये व इतर धान्ये पेरतात, अंधाऱ्या जागी ठेवून रोज पाणी घालतात आणि काही दिवसांनी उंच वाढलेले अंकुर डोक्यावर घेऊन मिरवणुकीने निघतात. ग्रामदेवतेसमोर फेर धरून झाल्यावर ते अंकुर कण्मायमध्ये किंवा जवळच्या जलाशयात विसर्जित होतात. महाराष्ट्रातील घटस्थापनेचे हे जवळचे भावंड. ज्या घरच्या धान्याचे अंकुर विरळ उगवले, त्या घराला आपल्या बियाण्याची स्थिती पेरणीआधीच कळते. विधीचा मूळ हेतू काहीही असो, प्रत्यक्षात ती सार्वजनिक उगवणक्षमता चाचणीच ठरते.

प्रत्यक्ष भातपेरणीची या भागातील रीत विशेष लक्ष देण्याजोगी आहे. तलाव भरण्याची वाट पाहून रोपवाटिका टाकली, तर हंगाम हातचा जातो. कारण पाऊस ऑक्टोबरच्या मध्यास सुरू होऊन डिसेंबरअखेर संपतो. म्हणून ऑगस्टअखेर ते सप्टेंबर या काळात कोरड्या, भुसभुशीत केलेल्या जमिनीतच भात पेरला जातो. तमिळमध्ये या पेरणीचे नाव ‘पुळुदी’ म्हणजे धूळ या शब्दावरून पडले आहे. खानदेशातील धूळपेरणी किंवा कोकणातील धूळवाफ्यावरची भातपेरणी आठवली, की दोन दूरच्या प्रदेशांतील शेतकऱ्यांनी एकाच अडचणीवर एकच उपाय शोधला आणि त्याला नावही तेच दिले, याची गंमत वाटते. पहिल्या पावसावर बियाणे उगवते, पहिला महिना-दीड महिना पीक कोरडवाहू म्हणून वाढते आणि तलावात पाणी आले की शेताचे रूपांतर ओल्या खाचरात होते.

या अर्धकोरडवाहू पद्धतीतील जोखीम उघड आहे. उगवणीनंतर पावसाने ओढ दिली तर रोपे करपतात आणि तणांचा जोर भातापेक्षा अधिक होतो. तमिळनाडू कृषी विद्यापीठाची शिफारस अशी की, पेरणीपूर्वी बियाणे १ टक्का पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात १६ तास भिजवून सावलीत वाळवावे. त्यामुळे रोपांची सुरुवातीच्या ताणास तोंड देण्याची क्षमता वाढते. विद्यापीठाच्या परमकुडी येथील कृषी संशोधन केंद्राने याच परिस्थितीसाठी निवडलेला, सुमारे १०० ते १०५ दिवसांत तयार होणारा ‘अण्णा (आर) ४’ हा वाण २००९ मध्ये प्रसारित झाला. तलावाचे पाणी शेवटच्या टप्प्यात अपुरे पडते, हे गृहीत धरूनच अशा कमी मुदतीच्या वाणांची निवड करावी लागते.

तै महिन्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे मकर संक्रांतीच्या सुमारास, पोंगल येतो. नव्या तांदळात दूध व गूळ घालून अंगणात मातीच्या मडक्यात भात शिजवतात आणि तो उतू गेला की घरचे लोक आनंदाने आरोळी देतात. ओल्या हळदीचे रोप आणि उसाची कांडी शेजारी असतेच. दुसरा दिवस माट्टु पोंगलचा, म्हणजे गुराढोरांचा. जनावरे धुऊन, शिंगे रंगवून, गळ्यात माळा घालून त्यांना पोंगलचा घास दिला जातो. महाराष्ट्रात हाच मान बैलाला पोळ्याला मिळतो, पण तो खरीपाच्या मशागतीची मुख्य कामे उरकल्यावर. तमिळ बैलाला मात्र पीक घरी येईपर्यंत थांबावे लागते. दोन्ही सणांच्या तारखा दोन वेगळ्या पावसांनी ठरवल्या आहेत. याच दिवसांत मंजुविरट्टू व जल्लिकट्टू हे खेळ होतात. त्यांच्यावर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली होती. पुढे राज्याने केलेली कायदा-दुरुस्ती मे २०२३ मध्ये घटनापीठाने वैध ठरवली आणि त्याच निकालात महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींनाही मान्यता मिळाली. जनावरांच्या छळाचा मुद्दा रास्त आहे व नियमांचे पालन काटेकोर हवे. मात्र ट्रॅक्टर आल्यानंतर वळू राखण्याचे जे थोडे कारण उरले, त्यात या खेळांचा वाटा मोठा आहे, हेही नाकारता येत नाही.

बांधावरचा देव आणि आटलेल्या तळातील मासे

कण्मायच्या बांधावर किंवा गावाच्या शिवेवर अय्यनार या रक्षक देवाचे ठाणे असते. रात्री तो घोड्यावरून गावाची व तलावाची राखण करतो, अशी श्रद्धा आहे. म्हणून त्याला भाजलेल्या मातीचे घोडे अर्पण केले जातात. काही ठिकाणी ते माणसापेक्षाही उंच असतात. ‘पुरवी एडुप्पु’ या उत्सवापूर्वी गावाकडून कुंभाराला मूठभर माती समारंभपूर्वक दिली जाते आणि मगच घोडे घडवण्यास आरंभ होतो. देवस्थानाभोवतीच्या राईतील झाड तोडायचे नाही, असा दंडक आहे. महाराष्ट्रातील देवरायांप्रमाणेच या राया आज स्थानिक वनस्पतींच्या शेवटच्या आश्रयस्थानांपैकी एक ठरल्या आहेत. बांधाला भगदाड पडले तर सारे गाव बुडते. तेथे देव बसवण्यामागे, लोकांचे पाय रोज बांधाकडे वळावेत, हा व्यवहारही असावा.

उन्हाळ्यात पाणी गुडघ्याइतके उरले की मासेमारीचा उत्सव होतो. दिवस आधी जाहीर केला जातो. त्या दिवसापर्यंत कोणीही वैयक्तिक मासेमारी करायची नाही, असा गावाचा निर्णय असतो. पहाटेपासून शेजारच्या गावांतील माणसेही टोपल्या, जाळी घेऊन काठावर उभी राहतात. गावप्रमुख पांढरा पंचा हलवून इशारा देतात आणि हजारो पाय एकाच वेळी चिखलात उतरतात. ज्याला जे मिळेल ते त्याने घरी न्यायचे, विकायचे नाही. त्या दिवशी परिसरातील प्रत्येक घरातून माशाच्या कालवणाचा वास येतो. असा उत्सव केल्याने पाऊस चांगला पडतो, असे लोक मानतात. निदान तळ ढवळला जातो आणि पावसाळ्यापूर्वी गाळ किती साचला आहे, हे सगळ्या गावाच्या पायांना कळते, एवढे खरे.

हे सारे सोहळे आजही थाटात होतात. शहरात किंवा आखातात कामाला गेलेली माणसे त्यासाठी रजा काढून गावी येतात, वर्गणी देतात. कण्मायच्या रीतींचा हा दिसणारा भाग आहे.

नीरकट्टी

न दिसणारा भाग एका माणसाच्या खांद्यावर होता. त्याला ‘नीरकट्टी’ म्हणतात. गावागणिक त्याची नावे बदलतात. मोरी उघडणे व बंद करणे हे त्याचे मुख्य काम. जुन्या पद्धतीच्या मोरीत दगडी खांबांच्या चौकटीतून खाली गेलेल्या दांड्याच्या टोकाला खुंटा बसवलेला असतो. पाणी खोल असताना तो काढण्यासाठी नीरकट्टीला बुडी मारावी लागे आणि प्रवाहाच्या ओढीत सापडण्याचा धोका त्याने पत्करलेला असे.

तलाव भरलेला असताना पाणीवाटप सोपे असते. खरी कसोटी पाणी घटू लागल्यावर लागते. तेव्हा आयक्कट्टूदारांची बैठक होते, किती पाणी उरले याचा अंदाज नीरकट्टी सांगतो आणि पाळी, म्हणजे ‘मुरै’, लावली जाते. त्यानंतर कोणत्या शेताला किती वेळ पाणी द्यायचे, हे तोच ठरवतो. शेतकऱ्याने स्वतःच्या हाताने बारे फोडायचे नाही, हा नियम असतो. ही व्यवस्था टिकण्याचे एक कारण असे की, बहुतेक ठिकाणी नीरकट्टीची स्वतःची जमीन त्या आयक्कट्टूत नसे. त्यामुळे त्याने आपल्या शेताकडे पाणी वळवल्याचा संशय घेण्यास जागा नव्हती. धुळे जिल्ह्यातील पांझरेवरच्या फड पद्धतीत पाटकरी हेच काम करतो आणि तेथेही शेतकऱ्याने स्वतः पाणी घ्यायचे नाही, असाच दंडक आहे.

पावसाळ्यात, विशेषतः नोव्हेंबरमधील वादळी रात्री, बांधावरून फिरून कुठे पाझर फुटला आहे का, हे पाहणे हेही त्याचेच काम. धोका दिसला तर गावाला उठवायचे, भगदाड बुजवायला माणसे व गवताच्या पेंढ्या जमवायच्या. या सर्व कामाचा मोबदला कापणीच्या वेळी खळ्यावर मिळे: एकरामागे ठरलेले माप भात किंवा काही पेंढ्या. महाराष्ट्रातील बलुत्याची आठवण व्हावी, असाच हा व्यवहार होता.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. नीरकट्टी बहुतेक गावांत दलित समाजातील असत. जमीनधारक ‘ऊर’मध्ये म्हणजे मुख्य वस्तीत राहत आणि नीरकट्टीचे घर ‘चेरी’त, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीत असे. तलावाचे ज्ञान त्याच्याकडे, निर्णयाचा मान इतरांकडे. मोरीवर त्याचा हात, देवळातील पहिला प्रसाद दुसऱ्याला. भूमिहीनतेमुळे तो निःपक्षपाती राहिला, असे म्हणताना ती भूमिहीनता त्याने निवडलेली नव्हती, हे विसरून चालणार नाही. रामनाथपुरम-शिवगंगा भागातील तलावांचा दीर्घ अभ्यास करणारे मानववंशशास्त्रज्ञ डेव्हिड मॉस यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द रूल ऑफ वॉटर’ या ग्रंथात हेच दाखवून दिले आहे की, ही व्यवस्था समान हक्काच्या गावकऱ्यांची नव्हती; ती सत्ता, मानपान आणि जातिव्यवस्था यांच्या आधारावर उभी होती. जुन्या ग्रामव्यवस्थेचे गोडवे गाताना हा भाग वगळण्याची प्रथा आहे, ती टाळलेली बरी.

कुडीमरामत्तु आणि त्याचा ऱ्हास

तलाव राखण्याची व्यवस्था किती जुनी आहे, याचा पुरावा कांचीपुरम जिल्ह्यातील उत्तिरमेरूर येथे दगडावर कोरलेला आहे. पहिल्या परांतक चोळाच्या काळातील, इ. स. ९१९ व ९२१ या वर्षांच्या सुमाराच्या शिलालेखांत गावाच्या ३० प्रभागांतून समित्या कशा निवडाव्यात, याचे नियम आहेत. पात्र व्यक्तींची नावे ताडपत्रांवर लिहून मडक्यात टाकायची आणि लहान मुलाच्या हातून चिठ्ठी काढायची. या समित्यांपैकी एक ‘एरी वारियम’ म्हणजे तलाव समिती. तिच्यात सहा सदस्य असत. ज्याने पूर्वी समितीवर असताना हिशेब दिला नाही, तो आणि त्याचे नातेवाईक अपात्र ठरत. हे गाव ब्राह्मण जमीनधारकांचे होते आणि पात्रतेसाठी जमीन व वेदाध्ययन आवश्यक होते, त्यामुळे त्यास आजच्या अर्थाने लोकशाही म्हणणे धाडसाचे ठरेल. हिशेबाचा नियम मात्र आजच्या पाणीवापर संस्थांनीही भिंतीवर लावावा असा आहे.

दुरुस्तीच्या सामूहिक श्रमाला ‘कुडीमरामत्तु’ म्हणत. आयक्कट्टूत ज्याची जितकी जमीन, त्या प्रमाणात त्याने माणसे द्यायची, चर साफ करायचे, बांधाची डागडुजी करायची. ब्रिटिश काळात महसूल वाढला, तलावांवरचा खर्च घटला आणि ही रीत ढिली पडत गेली. तेव्हा १८५८ च्या मद्रास सक्तीच्या श्रमाच्या कायद्याने या श्रमाला दंडाचे बळ देण्याचा प्रयत्न झाला. रीत कायद्याने परत येत नाही, हे पुढील शंभर वर्षांत दिसून आले. जमीनदारी निर्मूलनानंतर तलाव शासनाकडे आले. ४० हेक्टरपेक्षा मोठे लाभक्षेत्र असलेले तलाव सार्वजनिक बांधकाम खात्याकडे आणि त्याहून लहान पंचायत युनियनकडे गेले. तलावातील मासे व झाडे यांच्या लिलावाचे उत्पन्न पूर्वी गावाच्या सामाईक कामांना उपयोगी पडे. तेही पुष्कळ ठिकाणी गावाच्या हातून गेले.

निर्णायक घाव विहिरींनी आणि विंधन विहिरींनी घातला. १९९० च्या सुमारास शेतीपंपांना वीज मोफत झाली. ज्याची विहीर, त्याला मोरीची गरज उरली नाही. आणि गावातील सर्वांत वजनदार शेतकरीच आधी विहीरदार झाले. बैठकीला ते येईनासे झाले, म्हणजे बैठकच संपली. १९६० च्या सुमारास राज्यातील सिंचित क्षेत्राच्या एक तृतीयांशाहून अधिक क्षेत्र तलावांवर भिजत असे. आज हा वाटा त्याच्या निम्म्यावरही राहिलेला नाही. विडंबना अशी की, लाभक्षेत्रातील विहिरींना पाणी येते ते तलावाच्या पाझरामुळेच.

रिकाम्या तळात वेडी बाभूळ माजली. ती काढून टाकण्याची मागणी योग्य असली, तरी तिचा कोळसा पाडून विकणे हे या जिल्ह्यांतील अनेक भूमिहीन कुटुंबांचे उत्पन्नाचे साधन झाले आहे. तलाव स्वच्छ करण्याच्या आराखड्यात त्या कुटुंबांचे काय, याचे उत्तर सहसा नसते. तळातील काठाच्या जमिनीवर अतिक्रमणेही झाली. अतिक्रमित शेत बुडू नये म्हणून पाण्याची पातळी कमी ठेवण्याचा दबाव येतो. अतिक्रमणे हटवण्यासाठी राज्याने २००७ मध्ये स्वतंत्र कायदा केला आहे.

पुनरुज्जीवनाचे प्रयत्न

राज्य शासनाने २०१७ मध्ये कुडीमरामत्तु याच नावाने तलावदुरुस्तीची योजना सुरू केली. शेतकऱ्यांना तलावातील गाळ नेण्यास मुभा देण्यात आली. त्याच वर्षी महाराष्ट्रात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली. गाळ हलक्या जमिनीतच वापरावा, मुळातच भारी असलेल्या जमिनीत टाकू नये आणि वापरापूर्वी त्याची क्षारता तपासून घ्यावी, ही खबरदारी दोन्ही राज्यांत सारखीच लागू आहे. मदुराई येथील धान फाउंडेशन १९९० च्या दशकापासून ‘वयलगम’ या नावाने तलावावरील शेतकऱ्यांचे संघ उभारत आहे. २००० च्या राज्य कायद्यान्वये पाणीवापर संघांना कायदेशीर स्थान आहे.

या प्रयत्नांत गाळ निघतो, बांध भक्कम होतो, मोरीला लोखंडी झडप व फिरवायचे चाक बसते. ही कामे दिसतात, मोजता येतात, त्यांची छायाचित्रे काढता येतात. चाक कोण फिरवणार, हा प्रश्न अंदाजपत्रकात बसत नाही. परिणामी दुरुस्त तलावाची झडप पहिल्याच टंचाईच्या वर्षी कोणीतरी रात्री उघडतो आणि शेवटच्या टोकाचे भात पोटरीत असताना वाळते. पूर्व विदर्भातील मालगुजारी तलावांवर काम करणाऱ्यांनाही हा अनुभव नवा नसेल.

तलावाच्या गावात प्रथमच जाणाऱ्या विस्तार कार्यकर्त्याने साठवण क्षमतेच्या आकड्याआधी काही साध्या गोष्टी विचाराव्यात. गेल्या हंगामात मोरी कोणी उघडली? त्याला काय मिळाले, आणि ते वेळेवर मिळाले का? विहीरदारांनी त्यात वाटा उचलला का? वाटपाच्या बैठकीत चेरीतील माणूस बसतो का, की दाराशी उभा राहतो? स्त्रिया बसतात का? भाताची लावणी व निंदणी त्याच करतात आणि रोजगार हमीच्या तलावकामांवरही त्यांचेच बहुमत असते, तरी जुन्या रीतीत पाण्याच्या निर्णयात त्यांना स्थान नव्हते आणि आजही ते क्वचितच मिळते. या उत्तरांवरून तलाव पुढील पाच वर्षे चालेल की नाही, याचा अंदाज बांधाच्या उंचीपेक्षा अधिक खात्रीने बांधता येतो.

नीरकट्टीच्या घरची तरुण पिढी हे काम करण्यास तयार नाही. तिरुप्पूरच्या कापडउद्योगात किंवा चेन्नईच्या बांधकामांवर रोजचा पैसा मिळतो आणि तेथे कोणी चेरीचे नाव विचारत नाही. त्यांचा नकार रास्त आहे. काही ठिकाणी संघांनी या कामाचे मानधन एकरी रोख ठरवून ते वंशपरंपरेतून सोडवण्याचा प्रयत्न केला आहे. कोणत्याही समाजातील इच्छुकास ते घेता यावे, अशी त्यामागील भूमिका आहे.

पण रोख रक्कम गोळा करणे हे धान्य मोजून देण्यापेक्षा अवघड ठरते, याचे कारण यंत्रात आहे. पूर्वी भात खळ्यावर येई, झोडपला जाई, रास पडे आणि मालकाने पोती भरण्याआधी नीरकट्टी, कुंभार, सुतार, लोहार यांची मापे सर्वांच्या देखत बाजूला निघत. आता कंबाइन हार्वेस्टर शेतातच भात कापून, झोडून ट्रॉलीत ओततो आणि ट्रॉली थेट शासकीय खरेदी केंद्राकडे जाते. पैसे बँकेत जमा होतात. खळे राहिलेले नाही, आणि नीरकट्टी आपले माप घेण्यासाठी ज्या जागी उभा राहत असे, ती जागाही राहिलेली नाही. म्हणून काही संघ आता कापणीची वाट न पाहता पेरणीपूर्वी, तलावात पाणी येण्याआधीच ही वर्गणी जमा करतात आणि ज्याने ती भरली नाही, त्याचे नाव पाळीच्या यादीत घेत नाहीत.